मोरीच्या पाण्याचे हेडमास्तर

आमचे हेडमास्तर पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला आले तेव्हा त्यांनी दारात गमबूट काढले, मोरीत पाय धुतले, पंख्याखाली बसले आणि माझ्या सासूबाईंना विचारलं, “आत्ता मी पाय धुतले, ते पाणी गेलं कुठं?”

सासूबाई सावंतवाडीकडच्या. पाहुण्यानं आल्या आल्या प्रकृती विचारावी, गाव विचारावं, अगदीच आगाऊ असेल तर मुलाचा पगार विचारावा, इथवर त्यांची तयारी होती. त्या गोंधळून म्हणाल्या, “खाली गेलां.” सर म्हणाले, खाली तर सगळंच जातं, पण खाली म्हणजे नक्की कुठं? ते सासूबाईंना माहीत नव्हतं. मला नव्हतं. बिल्डिंगच्या कमिटीत मिरवणाऱ्या माझ्या मिस्टरांनाही नव्हतं, फक्त ते कबूल करायला तयार नव्हते. मग दोघं भर दुपारी टॉर्च घेऊन मागच्या गल्लीत उतरले आणि इकडे माझं वरण निवलं. बऱ्याच वेळानं सर हसतमुखानं वर आले आणि मिस्टर नाकाला रुमाल लावून. आमच्या मोरीचा पाइप तळमजल्यावर फुटला होता आणि सगळं पाणी कित्येक महिने खालच्या काकूंच्या तुळशीला जात होतं. तुळस अशी फोफावली होती की काकू तिचं श्रेय आपल्या चातुर्मासाला देत असत. सरांनी वर येता येता त्यांना खरं काय ते सांगून टाकलं होतं. काकू त्यानंतर दिवाळीपर्यंत आमच्याशी बोलल्या नाहीत. सर मात्र मनापासून जेवले.

हे ऐंशीनंतरच्या पहिल्या पाचसहा वर्षांतलं. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते, पण आमची शाळा खाडीपलीकडे होती आणि तिथं वीज यायची ती लहर लागली तर. मी बोरिवलीहून बसनं गोराईच्या खाडीपर्यंत जायची, तिथून होडीनं पलीकडे, आणि मग टांगा मिळाला तर टांगा, नाहीतर आपले पाय. नकाशात ते गाव मुंबईतच होतं, पण गावातलं कुणी बोरिवलीला निघालं की ‘मुंबईला चाललो’ म्हणायचं. अर्धी घरं ख्रिस्ती, अर्धी आगरी-भंडारी, आणि बहुतेकांचं पोट शेतीवर. पावसाळ्यात भात, पाऊस सरला की माठ, मुळा, वांगी, मिरच्या, पांढरे कांदे. बायका सकाळच्या होडीनं टोपल्या भरून बोरिवलीच्या बाजाराला जायच्या. ह्या सगळ्या वाफ्यांना पाणी पुरवायची ती गावाची एक मोठी विहीर. चहूकडे खारं पाणी आणि मधोमध हिचं तेवढं गोड. त्या विहिरीवर गाव जगत होतं, असं म्हटलं तर मी काही वाढवून सांगत नाही.

सर ह्या शाळेत आले ते शिक्षा म्हणून. आधी ते वाकोल्याकडे एका शाळेत होते. तिथं नव्या इमारतीचं उद्घाटन झालं, मोठे साहेब आले, आणि आभार मानायचं काम कुणाच्या तरी दुर्बुद्धीनं सरांकडे आलं. सरांनी आभार मानले. खोल्या छान, फरशा छान, संडासाच्या टाइल्स तर अतिशयच छान, फक्त संडासातून बाहेर जाणारा पाइप अजून बसवलेला नाही, तरी चहापानानंतर पाहुण्यांनी कृपया तिकडे जाऊ नये, असं ते माइकवरून म्हणाले. साहेब नुकतेच जाऊन आले होते. सरांची बदली त्याच आठवड्यात खाडीपलीकडे झाली.

पण त्यांना त्याचं दुःख नव्हतं. खोटं बोलणं किंवा नुसतं गप्प बसणं ह्या दोन गोष्टी माणसाला आयुष्यात किती उपयोगी पडतात हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्या गणिताच्या मास्तरांनी दिंडोशीला नव्या कॉलनीत घर घेतलं, सत्यनारायण केला. कथा चालू असतानाच सरांनी खिडकीतून खाली वाकून पाहिलं, भिंतीपासून चार पावलं मोजली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की सेप्टिक टँक बरोबर चौरंगाखाली येतो. भटजी कथा अर्धी टाकून उठले ते उठलेच. मास्तरांची बायको मला अजून भेटली की त्याचीच आठवण काढते, आणि प्रेमानं काढत नाही.

शाळेत तर विचारूच नका. दुसऱ्या हेडमास्तरांच्या कपाटात ढाली असतात, कप असतात. आमच्या सरांच्या कपाटात गावाच्या गटाराच्या पाण्याच्या बाटल्या होत्या, ओळीनं लावलेल्या. रोज प्रार्थना झाली की एकेका बाटलीचं बूच काढून वास घ्यायचे आणि ‘आज बरं आहे’ किंवा ‘आज नाही बरं’ म्हणायचे. पहिले काही दिवस मला वाटायचं माझ्या शिकवण्याबद्दल बोलताहेत. शिपाई सुट्टी मागायला जायचा तो ‘आज बरं आहे’ ऐकूनच जायचा.

सहामाहीला त्यांनी मराठीचा पेपर मला काढू दिला नाही. निबंधाचे विषय स्वतः घातले. ‘पावसाळ्यातला एक दिवस’ गेला, ‘माझी आई’ गेली, आणि आलं काय तर ‘मी सांडपाणी बोलतोय’. दुसरा पर्याय नाहीच. मी रडकुंडीला आले, पण तपासताना हसून हसून माझी वाट लागली. एकानं लिहिलं होतं, “मी एका सुखवस्तू घरात तांदूळ धुताना जन्मलो. नंतर मला वाईट संगत लागली.” त्याला मी दहापैकी नऊ दिले. सरांनी माझ्या हातातून पेपर घेऊन एक गुण कापला. म्हणाले, तांदळाचं पाणी हे सांडपाणी नव्हेच, ते गाईला द्यायचं.

आता मुद्द्याचं सांगते. गावातल्या सगळ्या घरांच्या मोऱ्यांचं पाणी एका उघड्या नाल्यातून उताराला जायचं, आणि उतार नेमका विहिरीकडे. घरं कमी होती तोवर वाळूत जिरून जायचं. मग घरं वाढली, शहरातले लोक सुट्टीचे बंगले बांधायला लागले, साबणाचे फेस नाल्यातून वाहायला लागले. एका उन्हाळ्यात विहिरीला वास आला आणि पाठोपाठ गावात कावीळ आली. आमच्या वर्गातली निम्मी बाकं रिकामी. वॉर्डातून एक इंजिनिअर आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, होडीतून उतरताना बूट भिजले म्हणून आधीच वैतागलेले. त्यांनी पाण्याचा नमुना नेला आणि पुन्हा आले ते निर्णय घेऊन. विहिरीवर काँक्रीटची लादी टाकून ती कायमची बंद करायची. पिण्यासाठी भाईंदरच्या लांबच्या रस्त्यानं टँकर येईल. आणि शेतीला? शेतीचं त्यांच्या खात्याकडे काही नव्हतं.

म्हणजे वाफे संपले. बंगलेवाले तर कुंपणाला लागून उभेच होते. पाणी नसलेली जमीन ते खुशाल विकत घेणार, हे गावात सगळ्यांना कळत होतं.

त्या सभेत सगळे ओरडत होते आणि एकटे सर आनंदात होते. मी शपथेवर सांगते, आनंदात. आयुष्यभर ज्या प्रश्नाला लोकांनी नाक मुरडलं तो अखेर सगळ्यांचा झाला होता. ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, विहीर आजारी नाही, नाला आजारी आहे. नाल्याचं पाणी विहिरीजवळ पोचायच्या आधी मी स्वच्छ करून दाखवतो. मग करा लादीचं काय करायचं ते. इंजिनिअर हसले. पण त्यांच्याकडे सिमेंटही नव्हतं तेव्हा, मिळायला वेळ होता. बघू, म्हणाले.

जागा हवी होती ती रोझीमावशीची. मावशी विधवा, पाच मुलांची आई, विहिरीला लागून तिचे वाफे, आणि तोंड असं की बाजारात गिऱ्हाइकं तिच्याशी घासाघीस करायच्या आधी घरून जेवून येत. तिच्या वाफ्यांच्या वरच्या अंगाला एक पडीक कोपरा होता. सर रोज शाळा सुटली की तिच्या अंगणात जाऊन बसायचे. मावशी म्हणायची, गावाची घाण मी माझ्या जागेत का घेऊ? सर म्हणायचे, ती आत्ताही तुझ्याच जागेत येते आहे, फक्त न विचारता. हे काही दिवस चाललं. मग मावशीची थोरली सून काविळीनं पडली आणि मावशीनं कोपरा दिला. अट घातली, वास आला तर खड्डा बुजवणार, आणि बुजवताना मास्तरला बाहेर काढायला थांबणार नाही.

सरांनी तीन खड्डे घेतले. पहिल्यात नाल्याचं पाणी येऊन थांबायचं, गाळ तळाला बसायचा. तिथून वरचं पाणी दुसऱ्यात, तो उथळ, पसरट, उन्हात उघडा. तिसऱ्यात कर्दळ, अळू, लव्हाळी दाट लावलेली, आणि त्यातून झिरपलेलं पाणी वाफ्यांकडे. खणायला पैसे नव्हते. शाळेचा शारीरिक शिक्षणाचा तास बाद झाला आणि हुतूतूच्या मैदानात तयार झालेली पोरं आणि त्यांचे बाप कुदळी घेऊन लागले. हेडमास्तर गटारात हात घालतो म्हणून गावात आधी कुजबुज, मग थट्टा. सर गमबूट घालून मांडीएवढ्या चिखलात उभे, आणि काठावरून जाणारा प्रत्येक जण विचारणार, काय मास्तर, आज मासा लागला का?

पहिल्या पावसाळ्यात सगळं वाहून गेलं. सरांनी पुन्हा खणलं. मग दुसऱ्या खड्ड्यातलं पाणी हिरवं होईना, आणि सर चिंतेत. आम्ही म्हणायचो, बरंय की हिरवं नाही ते. तर ते स्टाफरूममध्ये आम्हाला धरधरून सांगायचे, अहो तो हिरवेपणा म्हणजे कामगार आहेत, घाण खाणारे, डोळ्यांना दिसत नाहीत एवढे बारीक. त्यांची भरती व्हायची आहे. जाऊन जाऊन डबक्यांतून हिरवं पाणी बादलीनं आणायचे आणि त्यात ओतायचे. पाणी हिरवं झालं त्या दिवशी शाळेला अर्धी सुट्टी मिळाली. नोटीस मीच लिहिली. कारण काय लिहू म्हटलं, तर म्हणाले, कामगार आले असं लिहा.

आणि काय सांगू, पुढच्या उन्हाळ्यात विहिरीचा वास गेला. तिसऱ्या तळ्यात बेडूक आले, खंड्या येऊन बसायला लागला. मावशीचे वाफे त्या पाण्यावर असे तरारले की तिच्या माठाच्या जुड्या दोन हातांत मावेनात. थट्टा बंद झाली. बायका सरांच्या घरी भाजी पोचवायला लागल्या. सरांना डोक्यावर घेतलं गावानं. तेव्हा सरांनी देवळासमोर सगळ्यांना गोळा करून एक छोटं भाषण केलं, आणि त्यात त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं, ज्याची किंमत त्यांना पुढं चुकवावी लागली. ते म्हणाले, “आजपासून ह्या तळ्यांना विहिरीसारखं जपा.”

बायकांनी ते मनात धरलं.

थोड्याच दिवसांनी निरोप आला की लादीचं सिमेंट मिळालं आहे, पण गावकऱ्यांचे अर्ज आलेत म्हणून पालिकेच्या समितीचे सभापती स्वतः येऊन तळी बघतील आणि विहिरीचा काय तो निकाल जागेवरच देतील. रविवार ठरला. आदल्या दिवशी सर शिक्षण खात्याच्या बैठकीला गेले ते बोरिवलीलाच मुक्कामी राहिले. रविवारी सकाळी आम्ही दोघं एकाच होडीनं निघालो. सरांनी नवा शर्ट घातला होता. होडीभर मला सांगत होते, सभापतींना आधी पहिलं तळं दाखवायचं, मग हिरवं, आणि मग शेवटच्या तळ्यातलं पाणी काचेच्या ग्लासात.

आता त्या गावात एक जुनी चाल होती. पावसाळ्याच्या आधी सगळं गाव मिळून विहीर उपसायचं. पंप लावून पाणी काढायचं, पुरुषांनी आत उतरून गाळ भरायचा, बायकांनी रांगेत उभं राहून घमेली बाहेर द्यायची, भिंतीचं शेवाळ खरवडायचं, कठड्याला चुना काढायचा. मग फादर येऊन आशीर्वाद देणार आणि आगरी घरातली वडीलधारी बाई नारळ फोडणार. विहीर जपायची म्हणजे काय, हे त्या गावाला कुणी शिकवायला नको होतं.

आम्ही वाफ्यांच्या बांधावर पोचलो आणि सर थांबले. तिन्ही खड्डे आरशासारखे चकचकीत. डिझेलचा पंप लावून सगळं पाणी उपसलेलं, तळाचा गाळ खरवडून खरवडून काढलेला, शेवाळाचा मागमूसही नाही. काठाच्या दगडांना पांढराशुभ्र चुना. कर्दळ, अळू, लव्हाळी मुळासकट उपटून लांब ढीग घातलेला. खड्ड्यांत विहिरीचं स्वच्छ पाणी भरलेलं आणि वर ब्लीचिंग पावडर मारलेली, जी सरांनीच काविळीच्या वेळी घरोघर वाटली होती. पाणी खराब होऊ नये म्हणून वरच्या अंगाला वाळूची पोती टाकून नाला अडवलेला. आणि सगळ्याच्या कडेनं झेंडूच्या माळा. ख्रिस्ती बायका सणाची लाल लुगडी नेसून, आगरी बायका नऊवारीत, चुन्यानं हात सोललेल्या, रांगेत उभ्या. मावशी पुढं आली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. म्हणाली, “काल शाळा सुटल्यापासून अख्खं गाव राबलं, मास्तर. बघा कसं झालंय.”

वर्षभराची मेहनत त्या ढिगात वाळत पडली होती. ते खड्डे आता नुसते खड्डे होते. पोती काढली की गावाचं सगळं पाणी जसंच्या तसं त्यांतून पुढं विहिरीत जाणार होतं. मला तेवढं विज्ञान सरांमुळे कळायला लागलं होतं. मी सरांकडे बघायचं टाळलं. मला ठाऊक होतं हा माणूस आता काय करणार. हा आता सभापतींसमोर उभा राहून सांगणार की हे पाणी विहिरीचं आहे आणि माझं सगळं काम त्या उकिरड्यात आहे. आणि लादी आजच पडणार.

तेवढ्यात सभापती आलेच. धोतर, टोपी, गळ्यात होडीपासून घातलेले हार, मागे इंजिनिअर. भिजलेल्या बुटांसह. सभापतींनी तळी पाहिली आणि ते खरोखर थक्क झाले. वाकून ओंजळीत पाणी घेतलं, वास घेतला. म्हणाले, वा, अगदी नळाच्या पाण्याचा वास येतोय! ह्याहून शुद्ध ते काय असणार? इंजिनिअरांनीही वास घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांना कळलं, ते माझ्या लक्षात आलं. पण सभापतींनी वा म्हटल्यावर त्यांनी भुवया खाली आणल्या. पुढं बरेच वरपर्यंत गेले ते, असं ऐकलं.

मग सभापती सरांकडे वळले. “म्हणजे हे गावाच्या गटाराचंच पाणी?”

सर त्या बायकांकडे बघत होते. मावशीकडे, तिच्या सोललेल्या हातांकडे. वाऱ्यानं झेंडूची एक माळ पाण्यात पडली, ती कुणीतरी उचलली. मग सर म्हणाले, “होय. हेच ते.”

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. देवाशपथ सांगते, मला रडू आलं. सभापतींनी जागेवरच जाहीर केलं की विहीर राहील, लादी येणार नाही, आणि असली चकचकीत तळी गावोगाव व्हायला हवीत. टाळ्या झाल्या. एका वर्तमानपत्रवाल्यानं फोटो काढला. त्यात सर सगळ्यात कडेला आहेत आणि अर्धेच आले आहेत.

पाहुणे गेल्यावर मावशीची मुलं पोती काढायला निघाली. सर धावले. पोतं काढायचं नाही, म्हणाले. का? आता सगळी माणसं बघायला लागली. सर अडखळले, लाल झाले. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला लागोपाठ दुसरं खोटं सांगायचं होतं. एकाएकी म्हणाले, “तळं बाळंत झालंय. बाळंतिणीला कुणी लगेच कामाला लावतं का? अंग धरेपर्यंत तिला विश्रांती द्यायची. तोवर कुणी मोरीतून थेंब सोडायचा नाही.”

मला वाटलं, आता हशा होणार. तळं कुठं बाळंत होतं? पण कुणी हसलं नाही. मावशीनं सरांकडे नीट बघितलं आणि पोरांना दटावून परत बोलावलं. म्हणाली, ऐकलं ना, मास्तर काय सांगतो ते?

त्यानंतर त्या गावानं जे केलं ते मी अजून कुठं पाहिलेलं नाही. कुणाच्या मोरीतून पाणी गेलं नाही. मोऱ्यांची भोकं चिंध्यांनी बंद झाली. आंघोळी केळींखाली, भांडी अंगणात झाडांच्या आळ्यांवर, कपड्यांचं पाणी बादल्यांनी लांब माडांना. म्हाताऱ्यांनी कुरकुर केली, सुनांनी सासवांच्या नावानं बोटं मोडली, पण नाला कोरडा राहिला. एका घरचा साखरपुडा पुढं ढकलला, कारण जेवणाच्या पंगतीची भांडी घासून ते पाणी टाकायचं कुठं? बंगलेवाले मात्र ऐकेनात, आम्ही पाणी कुठं न्यायचं म्हणाले. मावशी त्यांच्याकडे गेली. काय बोलली ते मला ठाऊक नाही, पण त्यांनी माळी लावून पाणी उपसायला सुरुवात केली.

आणि सर पुन्हा गमबूट घालून खड्ड्यात. उपटलेल्या ढिगातनं जगेल ती कर्दळ शोधून लावली. थोडं थोडं नाल्याचं पाणी स्वतः बादलीनं आणून घातलं, कारण कामगारांना उपाशी ठेवून चालणार नव्हतं. डबक्या-डबक्यांतून हिरवं पाणी आणलं. मीही दोनदा पदर खोचून बादली धरली, आणि घरी जाऊन सासूबाईंची बोलणी खाल्ली. शेवटी एकदा पाणी हिरवं व्हायला लागलं. पुढं तिसऱ्यातली कर्दळ उभी राहिली. मग सरांनी पोती काढली. आम्ही सगळे विहिरीवर जाऊन उभे राहिलो. दिवस गेले, आठवडे गेले, विहिरीला वास आला नाही. त्यानंतर कुणी ती तळी घासली नाहीत. मावशीनं दमच दिला होता, जो घासेल त्याला मी घासेन.

सर ह्या पराक्रमावर पुढली कित्येक वर्षं जगले. होडीत, स्टाफरूममध्ये, कुणी ऐको न ऐको, मला बाजूला घेऊन सांगायचे. म्हणायचे, बाई, त्यांना कळलं असतं ना की आपण आपल्याच हातानं सगळं मारून टाकलं, तर पुन्हा त्या बायका तळ्याच्या जवळ फिरकल्या नसत्या. म्हणून मी खोटं बोललो. आयुष्यात एकदाच बोललो, पण असं झकास बोललो की अख्खं गाव फसलं! आणि लहान पोरासारखे हसायचे. निरोपसमारंभातसुद्धा भाषणात ते सांगतात की काय म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. नाही सांगितलं. मनातल्या मनात हसले फक्त.

सर निवृत्त झाले, खाडीअलीकडे राहायला आले. मी त्या शाळेत होतेच. एकदा बोरिवलीच्या बाजारात रोझीमावशी टोपली रिकामी करून बसली होती, ऊन उतरत होतं. मी तिच्याजवळ टेकले. गप्पांत तळ्याचा विषय निघाला. सरांचा विषय निघाला. मी हसत म्हटलं, काय गं मावशी, तळ्याचं बाळंतपण आठवतं का?

मावशी हसली नाही. म्हणाली, “बाई, पाच पोरं झाली मला. बाळंतीण कोण आणि मेलेलं कोण, मला कळत नाय?”

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

“मास्तर बांधावर उभा राहिला ना, तवाच समजलं, आमची काय तरी मोठी चूक झाली. माझा नवरा गेला तवा मी तशी उभी होते. आणि मग त्या सायबाला म्हणाला, हेच ते. आमची मान खाली नको जायला म्हणून. तो मास्तर, जो फादरला पण खरं सांगतो तोंडावर. मग आमी काय करायचं? तुमी खोटं बोलता, असं म्हणायचं त्याला?”

मी विचारलं, म्हणजे गावात आणखी कुणाकुणाला माहीत होतं?

“सगळ्यांना,” मावशी म्हणाली. “पोराटोरांना पण. मी सांगितलं होतं, मास्तरच्या समोर जो हसेल त्यानं माझ्याशी बोलायचं नाय.” आणि तिनं टोपली डोक्यावर घेतली, कारण होडीची वेळ झाली होती.

काही दिवसांनी सर घरी आले. थकले होते, काठी आली होती हातात. चहा घेता घेता माझ्याकडे झुकले आणि आवाज खाली आणून, डोळे मिचकावत म्हणाले, “बाई, एवढं मोठं गाव. पण आजपर्यंत एकाला तरी पत्ता लागलाय का?”

मी म्हटलं, “नाही सर. एकालाही नाही.”